ठकांचा सिनेमा लावायचाय: ‘द स्टिंग’ की ‘खोसला का घोसला’?

गेल्या आठवड्यात मेव्हण्याचा फोन आला. सासूबाईंची पंच्याहत्तरी, घरी चौदा माणसं मुक्कामाला, रात्री जेवणं आटोपली की हॉलच्या भिंतीवर सिनेमा लावायचा बेत. अट एकच. "दाजी, कुणीतरी कुणालातरी झकास टोपी घालतंय आणि आपण हसतोय, असं काहीतरी सांगा. मारामारी नको, रडारड नको."

‘अशी ही बनवाबनवी’ त्याने स्वतःच बाद केला होता, आणि ते बरोबरच होतं. आमच्या घरात तो सिनेमा कुणी बघत नाही, सगळे मिळून म्हणतात. अशोक सराफ तोंड उघडायच्या आत सोफ्यावरून वाक्य येतं. मजा येते, पण ती भजनाची मजा झाली. पुढे काय होणार, ही हुरहूर त्यात उरलेली नाही.

मग त्याच्या यादीत दोन नावं राहिली. 1973 चा ‘द स्टिंग’ आणि 2006 चा ‘खोसला का घोसला’. हे दोन्ही मी आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर, चादर बांधून, जवळपास त्याच प्रेक्षकांना वर्षभराच्या अंतराने दाखवलेत. त्यामुळे मत द्यायचा थोडाफार हक्क मला आहे असं समजतो. माझं मोजमाप साधं आहे: मध्ये किती जण पाणी प्यायला उठले, आणि जिना उतरताना लोक कशाबद्दल बोलत होते.

वरवर पाहता एक शिकागोचा, एक दिल्लीचा. पण आतून सख्खे भाऊ आहेत. दोन्हीकडे एक माजलेला माणूस आहे, ज्याला कुणी हात लावू शकत नाही. दोन्हीकडे त्याला धडा शिकवायला एक मंडळी जमते आणि अक्षरशः नाटक बसवते: खोटी नावं, खोटे कपडे, खोटा रुबाब. आणि दोन्हीकडे त्या माजलेल्याला खाली ओढते ती त्याची स्वतःची हाव. सज्जन माणसाला फसवलं तर आपल्याला हसू येत नाही, हे दोन्ही लेखकांना नीट ठाऊक आहे. म्हणून ‘स्टिंग’मधला लॉनेगन हा खून पाडणारा गुंड आहे, आणि ‘घोसला’मधला खुराना भूखंड गिळणारा दलाल.

आधी ‘स्टिंग’बद्दल मनापासून चांगलं बोलतो, कारण पुढे थोडी तक्रार आहे.

पॉल न्यूमन, रॉबर्ट रेडफर्ड, दिग्दर्शक जॉर्ज रॉय हिल, 7 ऑस्कर. हे सगळं तुम्हाला माहीत असेलच. मला त्यात सगळ्यात आवडतो तो आगगाडीतला पत्त्यांचा डाव. न्यूमन दारू प्यायल्याचं सोंग घेऊन डब्यात शिरतो, दाढी वाढलेली, कपड्यांचा अवतार. समोर लॉनेगन, म्हणजे रॉबर्ट शॉ, इस्त्री केलेल्या चेहऱ्याचा. न्यूमन त्याचं नाव मुद्दाम चुकीचं घेत राहतो आणि वर त्यानेच मागवून दिलेल्या टायला नाक पुसतो. गच्चीवर सगळ्यात मोठा हशा तिथे पिकला. लॉनेगन पत्ते लावून चार नव्वे घेऊन बसलाय आणि हा दारुडा शांतपणे चार गुलाम टाकतो. चोरावर मोर. लॉनेगन ओरडूही शकत नाही, कारण काय म्हणणार? "माझ्यापेक्षा चांगली लबाडी केली" म्हणून? पत्ते पिसणारे जे हात जवळून दिसतात ते जॉन स्कार्नी नावाच्या पत्त्यांच्या उस्तादाचे आहेत, हे मला नंतर कळलं. शॉचं लंगडणंही खरं होतं, म्हणे. शूटिंगच्या आधी खेळताना गुडघा दुखावला होता आणि त्याने तो तसाच भूमिकेत घेतला. पात्राला त्याने किती उठाव आलाय ते बघा. पाय जरासा ओढत चालणारा माणूस उगाचच जास्त धोक्याचा वाटतो.

संगीतही तसंच. कथा 1936 सालची आणि वाजतंय स्कॉट जॉप्लिनचं रॅगटाइम, तीसेक वर्षं आधीचं. काळाचा हिशोब चुकलाय, पण कान तक्रार करत नाहीत. पियानो सुरू झाला की आपण निवांत होतो. कळतं, की इथे कुणी मेलं तरी फार दुःख करायचं नाहीये.

जाता जाता एक गंमत. या सिनेमात घोड्यांच्या शर्यतीचे निकाल तारेवरून येतात आणि ते आपल्याला आधीच कळतात, अशी थाप मारून गिऱ्हाइकाला पैसे लावायला लावतात. ही युक्ती खरीच चालायची. डेव्हिड मॉरर नावाच्या भाषा अभ्यासकाने ठकांची बोली गोळा करता करता त्यांचे सगळे डावच लिहून ठेवले, 1940 च्या ‘द बिग कॉन’ या पुस्तकात. सिनेमा गाजल्यावर आपलं पुस्तक न विचारता वापरलं म्हणून त्याने दावा लावला, आणि ते प्रकरण कोर्टाबाहेर मिटलं. ठकांच्या सिनेमावरच हातचलाखीचा आळ यावा, हे मला भारी वाटतं.

आता गच्चीवर काय झालं ते. शर्यतीच्या त्या थापेत एक कळीचा शब्द आहे, ‘प्लेस’. लॉनेगनला सांगितलं जातं की पैसे अमुक घोड्यावर प्लेस करा. तो समजतो, पैसे लावायला सांगतायत, आणि घोडा पहिला येईल म्हणून लावतो. सांगणाऱ्याला म्हणायचं असतं, हा घोडा दुसरा येईल, त्यावर तसे लावा. सगळा स्फोट त्या एका शब्दावर. आमच्या गच्चीवर स्फोट झालाच नाही. चाळीस डोकी माझ्याकडे वळली. मी सिनेमा थांबवला आणि ‘विन’ म्हणजे काय, ‘प्लेस’ म्हणजे काय हे सांगायला लागलो. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा उठून उभे राहिले. त्यांची उमेदीची वर्षं पुणे रेसकोर्सच्या पावसाळी सीझनमध्ये गेली. "साफ चूक. प्लेस म्हणजे पहिल्या तिनात. दुसऱ्यासाठी वेगळी खिडकी असते." मी म्हटलं, आजोबा, अमेरिकेत वेगळं असतं. ते म्हणाले, "घोडा इथून तिथून घोडाच." पुढची पाच मिनिटं गच्चीवर रेसकोर्स भरला. लॉनेगन पडद्यावर तोंड उघडं टाकून थांबलेला, आणि खाली भेळ मऊ पडलेली.

पण एवढ्यावरून मी सिनेमा बाद करणार नाही. शब्द अडला तर समजावता येतो. माझं अडलं ते याच्या पुढे.

‘स्टिंग’चा शेवट सांगत नाही, पाहिला नसेल तर माझ्यावर दात खाल. एवढंच सांगतो की हा सिनेमा लॉनेगनला फसवता फसवता आपल्यालाही फसवतो. आपण समजत असतो की आपण न्यूमनच्या टोळीत बसलोय, डाव आपल्याला ठाऊक आहे. अगदी शेवटी कळतं, की टोळीने एक गोष्ट आपल्यापासूनही लपवली होती. जगभर लोकांनी याच जागेवर टाळ्या वाजवल्यात. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मीही वाजवल्या. पण त्या वेळी शेजारी एक मित्र बसला होता, त्याने आधी पाहिलेला. ऐन शेवटाला तो पडद्याकडे बघतच नव्हता. माझ्या तोंडाकडे बघत होता. ओठ दाबून.

ते तोंड मला नंतर पुन्हा आठवलं, आणि त्याचं कारण सिनेमात नाही.

2008 साली आम्ही शहरापासून तासाभरावर दोन गुंठ्यांचा प्लॉट घेतला. डोंगर दिसतो, ओढा आहे, गेटला कमान, आत फक्कीने आखलेल्या पांढऱ्या रेषा आणि प्रत्येक प्लॉटला नंबर लिहिलेला दगड. आमचा 17. एजंट गोड माणूस. आईला "माऊली" म्हणायचा, दर वेळी उसाचा रस पाजायचा. सातबारावर मूळ मालकांची नावं होती आणि खरेदीखत "एनए झालं की लगेच", म्हणजे जमीन बिगरशेती झाली की, होणार होतं. तोवर नोटरी केलेला करारनामा. आता हे वाचताना तुम्हाला हसू येत असेल. मलाही येतं, हल्ली.

पावसाळ्यातल्या एका रविवारी आम्ही आंब्याचं रोप घेऊन गेलो. आई, बायको, मुलगा, एक कुदळ, पोळीभाजीचा डबा. 17 नंबरच्या दगडापाशी एक दुसरं कुटुंब उभं होतं. त्यांच्याकडे नारळाचं रोप होतं. दोघांनाही वाटलं की समोरचे चुकून आपल्या प्लॉटमध्ये आलेत, म्हणून आधी दोघंही फार सौजन्याने बोललो. मग कागद निघाले. सही तीच, शिक्का तोच, नंबर तोच. त्या गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. पुढे कळलं की 17 नंबरचे आम्ही चौघं मालक होतो. त्या दिवशी पाऊस आला म्हणून दोन्ही कुटुंबं कमानीखाली बसून डबा खाऊन परतली. रोपं पिशवीतच.

पैसे गेले त्याचं दुःख काही वर्षांनी बोथट झालं. बोथट न झालेलं एकच वाक्य, जे प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला कुणीतरी विचारतं: "पण तुझ्या लक्षात कसं आलं नाही?" विचारणाऱ्याचे ओठ दाबलेले असतात.

तर गच्चीवर ‘स्टिंग’ लावला, तेव्हा आधी पाहिलेला मी होतो. शेवट जवळ आला आणि माझीही मान आपोआप फिरली. मी लोकांची तोंडं बघायला लागलो. खरं सांगायचं तर त्यासाठीच तर लावला होता. आई पहिल्या रांगेत, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. भेद खुला झाला आणि तिचा चेहरा क्षणभर कोरा पडला, अगदी त्या 17 नंबरच्या दगडापाशी पडला होता तसा. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "म्हणजे इतका वेळ आपल्यालाच बनवत होते होय?" लोक टाळ्या वाजवत होते. मी खाली बघून वायर गुंडाळायला लागलो.

हा सिनेमाचा दोष आहे का? न्यायाने बोलायचं तर नाही. त्याने खुणा प्रामाणिकपणे पेरल्यात, आणि दुसऱ्यांदा बघताना त्या दिसतात. दुसऱ्यांदा तो सिनेमा मला जास्त आवडला होता, कारण तेव्हा मी खरोखर टोळीत होतो. पण पाहुणे एकदाच बघतात.

आता ‘खोसला का घोसला’. दिबाकर बॅनर्जीचा पहिला सिनेमा, जयदीप साहनीने लिहिलेला. गंमत म्हणजे याच साहनीने आदल्या वर्षी ‘बंटी और बबली’ची पटकथा लिहिली होती, जिथे ताजमहाल विकणारे चकचकीत ठक आहेत. तोही मजेशीर आहे, पण तिथे लबाडी म्हणजे ऐट. इथे लबाडी म्हणजे पोटात गोळा.

कथा तुम्हाला ठाऊक आहे: कमल किशोर खोसला, म्हणजे अनुपम खेर, आयुष्यभराची पुंजी घालून दिल्लीत प्लॉट घेतो. जाऊन बघतो तर भिंत बांधलेली, आत खुरानाची माणसं. सोडायचे 15 लाख. बोमन इराणीचा खुराना ही रक्कम मागतो ती धमकी देऊन नाही, उपकार केल्यासारखा. मला तो माणूस बघवत नाही, आणि ही त्या अभिनयाची सगळ्यात मोठी पावती समजा. लॉनेगन मला सिनेमातच भेटला. खुरानाने मला उसाचा रस पाजलाय.

पहिला तास सावकाश जातो, हे मान्य करायला हवं. तक्रार, वकील, ओळखीपाळखी, पहिलवान आणून भिंत पाडणं आणि मग स्वतःच पोलिसांच्या तावडीत सापडणं. गच्चीवर या भागात सहाजण पाणी प्यायला गेले, मी मोजलेत. ‘स्टिंग’मध्ये दोनच गेले होते. दिल्लीची पंजाबी हिंदी काही ज्येष्ठांना भरभर गेली. आणि बायकांच्या वाट्याला दोन्ही सिनेमांत फारसं काही नाही, ‘घोसला’त तारा शर्माची मेघना त्यातल्या त्यात बरी.

पण त्या सावकाश तासाचं व्याज दुसऱ्या तासात मिळतं. सरळ रस्ते एकेक करून बंद होताना आपण पाहिलेले असतात, त्यामुळे आडवाट धरताना अपराधी वाटत नाही. विनय पाठकचा आसिफ इक्बाल डाव सुचवतो, कारण त्याला खुरानाचे धंदे आतून माहीत आहेत. मेघनाच्या नाटक मंडळींतला बापू दुबईचा बडा आसामी ‘सेठी’ म्हणून उभा केला जातो, आणि खुरानाला विकायला काढतात सरकारी मत्स्य खात्याची जमीन. दुसऱ्याच्या जमिनी विकणाऱ्याला दुसऱ्याचीच जमीन. इथे आजोबांनी मांडीवर थाप मारली, आणि कुणालाच काही समजावून सांगावं लागलं नाही. सातबारा, मुखत्यारपत्र, "पार्टी तयार आहे", "टोकन देऊन ठेवा", ही भाषा गच्चीवरच्या प्रत्येकाला येत होती. काहींना नको इतकी.

आणि मुख्य म्हणजे हे लोक कच्चे आहेत. न्यूमनचा हात थरथरला तर तो अभिनय असतो. इथे बापूचा रुबाब केव्हा गळून पडेल याची खात्री नाही. नवीन निश्चल एकेकाळचा देखणा हीरो, त्याला उतारवयात ही भूमिका मिळाली आणि त्याने सोनं केलं. तो खुरानासमोर बसून त्याला किंमत देत नाही, घाई नसल्यासारखं वागतो, आणि खुराना, जो आयुष्यभर लोकांना ताटकळत ठेवत आला, तो घाईला येतो. बाकीच्यांचा जीव टांगणीला. आपल्याला जवळजवळ सगळा डाव आधीपासून माहीत असतो, त्यामुळे आपलाही जीव टांगणीला. गच्चीवर त्या वेळी मी तोंडं पाहिली तर कुणी ओठ दाबलेले नव्हते. सगळे जण पुढे झुकून बसले होते, जणू चादरीमागून बापूला वाक्यं पुरवायची आहेत.

माझ्या मते ठकांच्या विनोदी सिनेमाची चव इथे आहे, निदान माझ्या जिभेला. उस्तादाचं कसब बघून मी वाहवा म्हणतो. हसतो मात्र घाबरलेल्या सज्जनाला बघून, ज्याला खोटं बोलायची सवय नाही आणि आता थांबताही येत नाही.

याच संदर्भात नेहमी डोक्यात येणारी एक खरी घटना. 19 मार्च 1987. मुंबईत ऑपेरा हाउसजवळच्या एका नामांकित जवाहिऱ्याच्या पेढीवर सीबीआयचा छापा पडला. छापा खोटा होता. एका माणसाने वर्तमानपत्रात जाहिरात देऊन, ताज हॉटेलात मुलाखती घेऊन तरुण भरती केले, त्यांना छाप्यावर नेलं आणि दागिने घेऊन तो जो गेला तो गेलाच. ही गोष्ट आजही लोक हसत हसत सांगतात. त्यावर ‘स्पेशल 26’ही निघाला, पण तो विनोदाच्या वाटेला कमी जातो. मला मात्र दर वेळी आठवतात ती इस्त्रीचे कपडे घालून आलेली मुलं. आपल्याला सरकारी नोकरी लागली या आनंदात त्यांनी प्रामाणिकपणे झडती घेतली. ती टोळीत होती की गिऱ्हाईक होती? ‘स्टिंग’ बघणारा प्रेक्षक मला त्यांच्यासारखा वाटतो. झडती मन लावून घेतो, आणि शेवटी रस्त्यावर उभा राहतो.

हे सगळं मी मेव्हण्याला फोनवर सांगितलं नाही. त्याला एवढंच विचारलं, की येणाऱ्यांत इंग्रजी सबटायटल वाचायचा कंटाळा नसलेले किती. म्हणाला, चार-पाच. मग म्हटलं, बाबा, ते चार-पाच जण उरले आणि बाकीचे झोपायला गेले तर ‘स्टिंग’ लाव, आणि लागोपाठ दोन दिवस लाव. कॉलेजातली पोरं असतील तर डोळे मिटून तोच. त्यांना अजून कुणी फसवलेलं नसतं, त्यामुळे फसण्याची मजा ती मोकळेपणाने घेतात. पत्ते खेळणारं घर असेल तरीही तोच. चार गुलामांचा तो क्षण रमी खेळणाऱ्यालाच खरा कळतो. पण आजी, मावश्या, नुकताच फ्लॅट बुक केलेला भाचा, आणि निवृत्तीचे पैसे कुठे गुंतवावेत याची चौकशी करणारे एक काका, असं सगळं एका सतरंजीवर असेल तर मी आपला खोसलाकडे झुकेन. पहिला तास सांभाळायला हाताशी शेंगदाणे ठेव.

तो म्हणाला, "पण ताईच्या सासूबाईंना, म्हणजे तुमच्या आईंना, आवडला होता का?"

त्या रात्री गच्चीवर चादर सोडत होतो तेव्हाचं सांगतो. सगळे खाली गेले होते. आई खुर्चीवर बसून होती, गुडघे धरलेत म्हणाली, थांब जरा. मी प्रोजेक्टर पिशवीत घातला. ती बराच वेळ काहीतरी मनात जुळवत होती.

"काय रे, तो म्हातारा बापू. असा माणूस एका दिवसाचे किती घेत असेल?"

"कशाला?"

"काही नाही. त्या 17 नंबरवर एकदा घेऊन जाऊ म्हटलं. रस आपण पाजू."